साहेब आले की वाजणारं पायपुसणं

विज्ञान शिकवावं तर माझ्यासारखं! हे माझं नुसतं मत नव्हे, ठाम मत आहे. शिक्षकांच्या खोलीत, किराणा दुकानाच्या रांगेत, दाताच्या डॉक्टरांनी तोंडात कापूस कोंबेपर्यंत त्यांच्या खुर्चीतसुद्धा, मी ते सगळ्यांना ऐकवत आले आहे. घरी मी ‘प्रयोग’ एवढा शब्द उच्चारला की आमचे हे निमूटपणे ताट उचलून बाहेरच्या खोलीत जातात. सासूबाईंना जाता येत नाही, त्यांचे गुडघे दुखतात. त्यामुळे माझं बरंचसं शिक्षणशास्त्र त्यांना पाठ झालं आहे.

मत तसं साधं आहे. मुलांना नुसतं सांगत बसू नका, त्यांच्या हातात वस्तू द्या. आणि एका गटात सगळ्या तऱ्हेची मुलं घाला. चटकन समजणारं एक, उशिरा समजणारं एक, हात शिवशिवणारं एक आणि नुसतं पाठ करणारं एक. मग बाईंनी हाताची घडी घालून बघत राहायचं. (ही हाताची घडी मला आजवर कधी जमली नव्हती, पण तत्त्व म्हणून मी ती सांगत असे.)

मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, यांचं मत नेमकं उलटं होतं. बाई वाईट नाहीत हो! पण पुढे असलेल्या मुलांचे पालक रोज त्यांच्या समोर येऊन बसायचे. आमच्या मुलांना मागच्या मुलांसाठी ताटकळत बसावं लागतं, अशी त्यांची तक्रार. शेवटी कंटाळून मोठ्या बाईंनी ठरवलं की पुढच्या सत्रापासून माझ्या वर्गाचे दोन भाग करायचे. पुढची मुलं माझ्याकडे, प्रयोगाच्या साहित्यासकट. मागची मुलं जिन्याखालच्या खोलीत, पुस्तक आणि फळ्यासकट.

हे ऐकलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. जिन्याखाली कोण जाणार हे मला एकेका चेहऱ्यासकट दिसत होतं. मी भांडले, विनवण्या केल्या, एकदा तर बोलता बोलता रडलेसुद्धा. तेवढ्यात शिक्षण विभागाचे साहेब शाळा बघायला येणार असं कळलं, आणि मी छाती ठोकून सांगितलं की साहेबांना माझा एक पाठ बघू द्या. त्यानंतरही वर्ग तोडावा असं ते म्हणाले, तर मी एक शब्द बोलणार नाही. मी एक शब्द बोलणार नाही यावर मोठ्या बाईंचा विश्वास बसला नाही, पण त्या तयार झाल्या.

पाठ ठरला विजेच्या मंडलाचा, म्हणजे सर्किटचा. टॉर्चचे सेल, वायर, छोट्या घंटा, स्पंज, चंदेरी कागद आणि पुठ्ठे मी गटागटांत वाटले. यातून वर्गाच्या कामी येईल असं काहीतरी बनवा, एवढंच सांगितलं. दुसरी एक गोष्ट मात्र मी इतक्या वेळा सांगितली की माझीच जीभ सुकली. साहेब दारात येतील तेव्हा सगळे आपापल्या जागी, कामात मग्न दिसले पाहिजेत! कुणी बाकाखाली नको, कुणी कुणाची वेणी ओढताना नको. हा जागेवर दिसण्याचा उपदेश एका गटाने फारच मनावर घेतला.

त्या गटातली चार मुलं तुम्हाला सांगायलाच हवीत. वर्गाने त्यांना नावं ठेवली होती आणि त्या चौघांनी ती पदव्यांसारखी स्वीकारली होती. रॉकेट ही मुलगी माझा प्रश्न अर्धा झाला की पूर्ण उत्तर द्यायची, आणि बऱ्याचदा ते दुसऱ्याच प्रश्नाचं असायचं. तोंडपाठ हा मुलगा सगळ्या व्याख्या स्वल्पविरामांसकट म्हणून दाखवायचा, पण सेलला बोट लावायला घाबरायचा. पाना हा मुलगा दिसेल ती वस्तू उघडायचा. परीक्षेत त्याला भोपळा मिळे, पण माझ्या टेबलाचा ड्रॉवर त्याच्याशिवाय कुणालाही उघडत नसे. आणि हळूबाई. ती चालायची हळू, लिहायची हळू, आणि तिला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर पुढच्या तासाला यायचं. जिन्याखाली जाणाऱ्यांत तिचं नाव सर्वांत वर होतं.

आता या चौघांनी काय केलं ते मला मागाहून कळलं. पण तुम्हाला आधीच सांगते, म्हणजे माझ्यासारखी तुमची पंचाईत होणार नाही.

त्यांनी असा विचार केला की साहेब आधी मोठ्या बाईंच्या ऑफिसात बसणार आणि तिथून आपल्या वर्गाकडे निघणार. ते निघाले की आपल्याला कळलं, तर सगळ्यांना वेळेत जागेवर बसता येईल. म्हणून ऑफिसच्या दारातल्या पायपुसण्याखाली एक वाजणारी गादी ठेवायची! दोन पुठ्ठ्यांना चंदेरी कागद लावायचा, मध्ये भोकं पाडलेला स्पंज घालायचा. वर पाय पडला की स्पंज दबतो, भोकांतून कागदाला कागद टेकतो आणि घंटा वाजते. पाय उचलला की थांबते. भोकं लहान झाली तर घंटा वाजतच नाही आणि मोठी झाली तर थांबतच नाही. ती भोकं हळूबाईने पाडली.

घंटा पानाने शोधली. माझ्या साहित्यातली घंटा डास गुणगुणल्याएवढी वाजायची, ती काही त्याला पसंत पडेना. अडगळीच्या कपाटावर बॅटरीवर चालणारी एक जुनी, थाळीएवढी घंटा धूळ खात पडली होती. ती त्याने मधल्या सुट्ट्यांमध्ये जिवंत केली आणि आमच्या वर्गाबाहेरच्या खिडकीला, फुलदाणीच्या मागे बांधली. तिथून ऑफिसपर्यंत भिंतीच्या कडेकडेने वायर नेली. बाकीच्या वर्गाला घंटेची खूण सांगून ठेवली, पण बाईंना आयत्या वेळी चकित करायचं म्हणून मला यातलं काही सांगितलं नाही.

एकच गोष्ट चौघांच्या लक्षात आली नाही. आमच्या शाळेत तासाचे टोल शिपाईमामा हाताने देतात. विजेची घंटा फक्त धोक्याच्या वेळी वाजते, आणि ती वाजत राहिली की हातातलं सगळं टाकून साऱ्या शाळेने रांगेत मैदानावर जायचं असतं. नुकताच त्याचा सराव झाला होता. पाढे विसरतील, पण तास सोडून मैदानावर कसं जायचं हे आमची मुलं विसरत नाहीत.

झालं! तपासणीच्या दिवशी साहेब आले. साहेब अंगाने भक्कम आणि स्वभावाने नीटनेटके होते. ऑफिसच्या दारात त्यांनी बूट व्यवस्थित पुसले. आधी उजवा, मग डावा. इकडे वर्गाबाहेर घंटा खणखणली आणि माझा अख्खा वर्ग ताठ बसला! मान खाली, हात कामात. मला भरूनच आलं. एवढं माझं ऐकतात, हे मला ठाऊक नव्हतं. घंटेबद्दल विचार करायला मला सवड झाली नाही, कारण मी साडी सारखी करत होते.

साहेब काही आले नाहीत. वर्ग सैलावला. तेवढ्यात मोठ्या बाई चहाचं सांगायला बाहेर आल्या, घंटा वाजली, वर्ग ताठ. त्या परत आत गेल्या, घंटा वाजली, वर्ग ताठ. चहा आत गेला, वर्ग ताठ. रिकाम्या कपबश्या बाहेर आल्या, वर्ग ताठ! ऑफिसात कोण आलं आणि कोण गेलं याची इत्थंभूत खबर माझ्या वर्गाला मिळत होती आणि मी मात्र शिस्तीच्या आनंदात न्हात होते.

तिकडे ऑफिसात मोठ्या बाईंचा जीव खालीवर होऊ लागला. ही कसली घंटा, तीही साहेबांच्या समोर? त्यांनी ठरवलं की स्वतः जाऊन बघायचं. पण खरंच काही धोका असला आणि मुलं धावत सुटली, तर साहेब गर्दीत सापडायला नकोत. म्हणून त्यांनी शिपाईमामांना दारात उभं केलं. मी येईपर्यंत इथून हलायचं नाही, साहेबांना बाहेर सोडायचं नाही आणि कुणाला आत सोडायचं नाही, असं बजावून त्या निघाल्या.

मामा मोठ्या बाईंच्या शब्दाबाहेर नाहीत. ते दारात, बरोबर मधोमध, पायपुसण्यावर छाती काढून उभे राहिले.

घंटा जी सुरू झाली ती थांबेना! वर्गावर्गांतून बाकं सरकली, दारं उघडली, आणि शाळा मैदानाकडे निघाली. मीही खडू टाकला आणि वर्गाला उठवलं. पण पाठ ऐन रंगात यायच्या आधीच हे संकट, या विचाराने मी रडायच्या बेतात आले होते. रॉकेट माझा पदर ओढत म्हणत होती की बाई, ती आपली घंटा आहे. घंटा सगळ्यांची असते, चल रांगेत, असं म्हणून मी तिला रांगेत ढकललं. पाना काहीतरी सांगायला लागला, त्यालाही ढकललं. तोंडपाठने मंडलाची व्याख्या म्हणायला सुरुवात केली, ती मी दुसऱ्या स्वल्पविरामावर थांबवली.

मैदानावर सगळी शाळा उभी. धूर नाही, जाळ नाही, नुसती घंटा. मग अफवा निघाल्या. कुणी म्हणालं स्वयंपाकघरात काहीतरी झालं. कुणी म्हणालं प्रयोगाच्या साहित्याला आग लागली. मधल्या रांगेपर्यंत येता येता तो माझा प्रयोग झाला होता, आणि शेवटच्या रांगेत पोचला तेव्हा त्यात माझ्या भुवया जळाल्या होत्या. मोठ्या बाई तिकडून माझ्याकडे बघत होत्या. मी नकळत भुवयांवरून हात फिरवला.

अखेर रॉकेटने माझ्या समोर येऊन, आयुष्यात पहिल्यांदाच, एक वाक्य शांतपणे पूर्ण केलं. गादी, स्पंज, घंटा, वायर, सगळं सांगितलं. साऱ्या शाळेला माझ्या वर्गाने उन्हात उभं केलं होतं, आणि तेही माझ्याच पाठाच्या दिवशी! संपलं सगळं, मी मनात म्हटलं. जिन्याखालची खोली आता उद्याच झाडून घेणार.

आणि त्याच क्षणी माझ्या लक्षात आलं की रांगेत हळूबाई नाही.

पुढचा मागचा विचार न करता मी धावत सुटले. धोका नाही हे माहीत होतं, तरी राहवेना. घाबरून कुठे कोपऱ्यात बसली असेल, गर्दीत पडली असेल, काय काय मनात आलं. वर्ग रिकामा. लांबलचक व्हरांडा रिकामा. घंटा मात्र आता चमत्कारिक वाजत होती. वाजे, थांबे. वाजे, थांबे. मी ऑफिसचा कोपरा वळले आणि जागच्या जागी थबकले.

मामा दारात एका पायावर उभे होते. त्यांच्या समोर फरशीवर हळूबाई मांडी घालून बसली होती. आणि मामांच्या खांद्यावरून, आतल्या बाजूने, साहेब वाकून बघत होते.

घडलं होतं असं. घंटा थांबत नाही म्हणजे गादीवर कुणीतरी उभं आहे, हे हळूबाईला पटलं होतं. सगळे मैदानाकडे वळले तेव्हा ती खिडकीपासून वायरीला हात लावत, कडेकडेने, कुठेही न चुकता ऑफिसपर्यंत आली. मामांना बाजूला व्हा म्हणाली. मामा म्हणाले, मोठ्या बाईंचा हुकूम आहे. दुसरं कुणी असतं तर ओरडलं असतं, नाहीतर परत गेलं असतं. ही खाली बसली आणि तिने मामांना त्यांच्या पायाखाली काय आहे ते समजावून सांगायला घेतलं. घाई तिला कशाचीच नव्हती.

“मामा, आता हा पाय वर,” ती सांगत होती.

मामांनी पाय वर घेतला.

“अजून वाजतेय, कारण दुसरा पाय आहे. आता हा कडेला फरशीवर, आणि तो थोडासाच वर. टाच टेकू नका.”

घंटा थांबली. मामांनी टाच टेकली, वाजली. टाच उचलली, थांबली. मामा लहान मुलासारखे हसायला लागले. मग माझ्या टाचेत एवढी वीज कुठून आली, असं त्यांनी विचारलं. वीज तुमच्यात नाही, सेलमध्ये आहे, तुम्ही फक्त दाराची कडी लावता आणि काढता, असं ती म्हणाली. हे उदाहरण मी तिला दिलेलं नव्हतं. खरं सांगायचं तर इतकं सरळ उदाहरण मला सुचलेलंच नव्हतं.

मी लगबगीने पुढे झाले. झाल्या प्रकाराबद्दल माफी, थोडं स्पष्टीकरण आणि जमल्यास मंडलाची प्रस्तावना, असा माझा बेत होता. साहेबांनी माझ्याकडे न बघताच हात वर केला.

“थांबा जरा बाई. पाठ चालू आहे.”

मी थांबले. भिंतीला टेकून हाताची घडी घालून उभी राहिले, कारण हातांचं दुसरं काय करावं ते कळेना.

मामा काही दार सोडणार नाहीत, हे हळूबाईने ओळखलं होतं. तिने त्यांना एक पाय उचलायला लावला, गादी थोडी ओढली. दुसरा उचलायला लावला, उरलेली ओढली. गादी बाहेर आली, घंटा गप्प झाली आणि मामा आपल्या जागेवर तसेच उभे राहिले. हुकूमही राहिला आणि शाळाही वाचली! साहेब आतून टाळ्या वाजवत होते. बाहेर येता येत नव्हतं त्यांना.

मोठ्या बाईंनी येऊन मामांना मोकळं केल्यावर साहेब गादी घेऊन मैदानावर आले. चारही मुलांना त्यांनी जवळ बोलावलं आणि हे कुणी केलं म्हणून हळूबाईला विचारलं. तिने जरा वेळ घेतला. मग सांगितलं. युक्ती रॉकेटची. घंटा पानाची. वायर कुठून कुठे जोडायची ते तोंडपाठला पाठ होतं, म्हणून तो सांगत गेला आणि पानाने जोडलं, शेवटची गाठ मात्र तोंडपाठने डोळे मिटून स्वतः मारली. आणि भोकं तिची.

“खूप वेळ लागला,” ती म्हणाली. “पण हे थांबले.”

साहेब रॉकेटकडे वळले. थांबायला कंटाळा नाही का येत, असं त्यांनी विचारलं. हाच तो प्रश्न होता. याच्यासाठीच तर वर्ग तुटणार होता, आणि रॉकेट काय बोलेल याचा नेम नव्हता.

“येतो ना. खूप येतो,” रॉकेट म्हणाली. “पण मी पाडलेली भोकं चुकली होती. तीनदा. तिची चुकत नाहीत.”

मोठ्या बाईंनी गादी हातात घेतली, स्पंजची भोकं एकेक करून बघितली, बोटाने दाबली. घंटा मात्र वाजली नाही, कारण वायर ऑफिसच्या दारातच राहिली होती. साहेबांनी मोठ्या बाईंना विचारलं की वर्गाच्या दोन भागांचं तुम्ही मघाशी चहा घेताना म्हणत होता, त्या दुसऱ्या खोलीचं काय करणार.

“जिन्याखालच्या खोलीत ओल फार आहे,” मोठ्या बाई म्हणाल्या. “तिथे झाडूच ठेवलेले बरे.”

मला त्या बाईंच्या गळ्यात पडावंसं वाटलं. मनापासून सांगते, माणसाने आपलं मत बदलावं आणि त्याचं खापर भिंतीच्या ओलीवर फोडावं, यात मोठा दिलदारपणा आहे. मी मामांचे आभार मानले, ते हलले नाहीत म्हणून. साहेबांचे मानले, ते अडकून राहिले म्हणून. चार मुलांचे मात्र मानता आले नाहीत. हळूबाईच्या डोक्यावर हात ठेवून मी नुसती उभी राहिले. वर्ग एकत्र राहणार होता. ती माझ्या समोरच्या बाकावर, तिच्या वेळेने, उत्तर देत राहणार होती.

निघताना साहेबांनी सगळ्या शिक्षकांना एकत्र बोलावलं आणि माझं कौतुक केलं. एवढ्या वर्षांत इतका उत्तम पाठ मी पाहिला नाही, असं ते म्हणाले. मी मान विनयाने खाली घातली. तो उत्तम का झाला याचं कारण सगळ्यांनी समजून घ्यावं, असंही ते म्हणाले. मी मान आणखी खाली घातली.

“पाठ सुरू झाला तेव्हा,” साहेब म्हणाले, “बाई मैदानावर होत्या.”

माझी मान तिथेच राहिली. मोठ्या बाईंनी हे इतकं मनावर घेतलं की आता इतर शिक्षकांना मुलांच्या मधे न येण्याचं प्रशिक्षण मी द्यायचं, असं ठरलं आहे. त्यावर मी भरपूर बोलते. सासूबाईंना तेही पाठ झालं आहे.

परवा पुन्हा कुणी पाहुणे वर्ग बघायला येणार असं कळलं. मी उत्साहाने साहित्य काढलं, फळा पुसला आणि मुलांना विचारलं की या वेळी काय काय तयारी करायची. वर्गाने आपसात बराच वेळ खलबत केलं. मग रॉकेट उभी राहिली आणि मला वाईट वाटू नये अशा बेताने म्हणाली,

“बाई, आमची तयारी झालीय. तुम्ही फक्त मैदानावर जाऊन उभ्या राहा.”

मी जाणार आहे. टोपी घेऊन ठेवली आहे, ऊन फार असतं तिथे.